पांढरी पाचची गुणगुण

आमच्या भजनी मंडळासाठी मी पहिला ॲम्प्लिफायर जोडला तेव्हा पेटीवाल्या बुवांनी त्याचा दोष पहिल्या मिनिटात सांगितला. गाणं सुरू व्हायचं होतं, माईक अजून पिशवीत होता, आणि स्पीकर नुसताच ‘घूंऽऽ’ करत होता. बुवांनी पेटीवर एक स्वर दाबला, कान दिला आणि म्हणाले, “पांढरी पाच लागलीये. जराशी चढी आहे.”

बुवांना विजेतलं काही कळत नव्हतं, पण कान पक्का होता. घरच्या विजेची लाट सेकंदाला ५० वेळा वरखाली होते. ॲम्प्लिफायरमधले डायोड त्या लाटेचे दोन्ही अर्धे भाग उचलतात, म्हणून आतल्या कपॅसिटरला सेकंदाला १०० धक्के बसतात. पांढरी पाच, म्हणजे पाश्चात्त्यांचा ‘जी’, खालच्या सप्तकात ९८ हर्ट्झला असते. १०० आणि ९८ यांतला फरक बुवांनी ‘जराशी चढी’ या दोन शब्दांत पकडला होता.

त्या सुराचा मागोवा घ्यायला मला फार लांब जावं लागलं नाही. आमचं कर्जत-खालापूर हे त्या सुराच्या जन्मगावांपैकी एक आहे. आणि ज्या गोष्टीच्या गोंधळातून तो स्पीकरमध्ये शिरतो, तिची, म्हणजे ‘अर्थ’ आणि ‘ग्राउंड’ या जोडनावांची, जवळजवळ सगळी पिढ्यान्‌पिढ्यांची वाट याच दोन तालुक्यांतून गेलेली आहे.

आधी सूर. टाटांच्या जलविद्युत कंपनीची स्थापना १९१० साली झाली आणि १९११ मध्ये लोणावळ्याला पायाभरणी झाली. लोणावळा, वळवण आणि शिरवटा इथे पावसाचं पाणी अडवायचं, मोठ्या नळांतून ते घाटाच्या कड्यावरून पाचशे मीटरहून जास्त खाली सोडायचं, आणि पायथ्याच्या खोपोलीला पेल्टन चक्रं फिरवायची, अशी योजना. १९१५ साली खोपोलीची वीज मुंबईला पोचली. तारांवरचा दाब एक लाख व्होल्ट होता. १९२२ मध्ये कर्जत तालुक्यातलं भिवपुरी सुरू झालं, ठोकरवाडीच्या पाण्यावर. त्यानंतर १९२७ ला भिरा. आजही खोपोलीची क्षमता ७२ मेगावॅट आणि भिवपुरीची ७५ मेगावॅट आहे. चक्रांवरून सुटलेलं पाणी खोपोलीकडे पाताळगंगेला मिळतं आणि भिवपुरीकडे पेज नदीतून उल्हासला.

ही वीज आधी गेली मुंबईच्या गिरण्यांना. तिच्या तारा ज्या वाड्यावस्त्यांवरून जात होत्या तिथे पुढे कित्येक वर्षं कंदीलच जळत होते. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ १९६० साली स्थापन झालं आणि खेड्यांत खांब त्यानंतर हळूहळू उभे राहिले. म्हणजे जो सूर घाटाच्या पायथ्याशी १९१५ मध्ये जन्मला, तो अर्ध्या मैलावरच्या घरात यायला दोन पिढ्या गेल्या. मला या गोष्टीचं आजही वाईट वाटतं. आता तर सगळ्या देशाचं जाळं एकच झालं आहे. २०१३ च्या शेवटच्या दिवशी दक्षिणेचं जाळं उरलेल्या देशाशी जोडलं गेलं, आणि तेव्हापासून कर्जतचा ॲम्प्लिफायर आणि कोचीचा ॲम्प्लिफायर अगदी एकाच तालात गुणगुणतात.

पण वीज नुसती घरात आली म्हणून स्पीकर घूं करत नाही. ती चुकीच्या वाटेनं परतते म्हणून करतो. परतीची ही वाट कुठून आली, ते पाहायला आणखी मागे, तारायंत्रापर्यंत जावं लागतं.

वीज वाहायला वर्तुळ पूर्ण व्हावं लागतं. एक तार जाण्याची, एक येण्याची. १८३८ साली कार्ल ऑगस्ट फॉन श्टाइनहाइल हे म्युनिकचे शास्त्रज्ञ न्यूरेंबर्ग-फ्यूर्ट रेल्वेच्या रुळांचाच तारेसारखा उपयोग होतो का, ते तपासत होते. होईना. एका रुळातला प्रवाह मातीत उतरायचा आणि दुसऱ्या रुळात शिरायचा. प्रयोग फसला, पण फसण्याचं कारणच त्यांनी कामाला लावलं. माती वीज नेते ना, मग परतीची तार हवी कशाला? दोन्ही टोकांना धातूचा पत्रा पुरा, एकच तार टाका, परतीचं काम जमीन करेल. पुढच्याच वर्षी कलकत्त्यात विल्यम ओशॉनेसी यांनी तारेऐवजी हुगळी नदीचं पाणी वापरून पाहिलं. त्यांच्याच देखरेखीखाली १८५१ ला कलकत्ता-डायमंड हार्बर तार सुरू झाली आणि काही वर्षांतच मुंबई कलकत्त्याशी जोडली गेली.

त्याच सुमाराला आमच्याकडे रेल्वे आली. १८५६ मध्ये गाडी खोपोलीपर्यंत पोचली, घाट फोडून ती १८६३ ला खंडाळ्याला चढली. रूळ आले की शेजारी तारेचे खांब येत. खांबावर एकेरी तार आणि परतीला जमीन, ही तारायंत्राची सर्वसाधारण रीत होती. तेव्हाचा ‘अर्थ’ हा खराखुरा अर्थ होता: कर्जतच्या मुरमातून, खालापूरच्या चिखलातून संदेश परत जात होता. इथे जमीन ही वाहक होती, काम करणारी होती. हा या शब्दाचा पहिला अवतार.

टेलिफोननं या रीतीतला दोष उघडा पाडला. मुंबईत टेलिफोन केंद्र १८८२ मध्ये सुरू झालं. तारायंत्राच्या कट्ट-कडकट्टला मातीतली भटकी वीज त्रास देत नव्हती, पण माणसाचा आवाज नेणारी एकेरी तार मातीतलं सगळं उचलायची. परदेशात विजेच्या ट्राम सुरू झाल्या तसा टेलिफोनमध्ये नुसता खरखराट होऊ लागला, कारण ट्रामची वीजही रुळांतून, मातीतून परतत होती. दोन गिऱ्हाइकं एकाच वाटेवर आली. उपाय एकच होता, जमिनीला कामातून मोकळं करायचं आणि आवाजाला स्वतःची परतीची तार द्यायची. ग्रॅहम बेल यांनी दोन तारांना एकमेकींभोवती पीळ देण्याचं पेटंट १८८१ मध्येच घेतलं होतं. आज मंडपातल्या चांगल्या माईकच्या केबलमध्ये दोन पिळलेल्या तारा आणि वर जाळी असते, ती याच वंशातली.

हा धडा मी ठळक मांडतो, कारण पुढचं सगळं त्यात आहे. एकाच परतीच्या वाटेवर मोठा प्रवाह आणि नाजूक आवाज सोडला की आवाज मरतो. ट्रामच्या जागी ट्रान्स्फॉर्मर घ्या आणि टेलिफोनच्या जागी मोबाईलमधून येणारं गाणं घ्या. चूक तीच आहे.

रेल्वे मात्र जुन्या रीतीवरच राहिली, आणि तिला ते शोभतं. १९२५ ला मुंबईत विजेची गाडी सुरू झाली, १९२९ ला ती कल्याणहून घाट ओलांडून पुण्याला पोचली. १५०० व्होल्ट डीसी, वरच्या तारेतून वीज घ्यायची आणि रुळांतून परत करायची. घाटातली ‘खेकडा’ इंजिनं याच विजेवर मालगाड्या ओढत होती. आता सगळीकडे २५ हजार व्होल्ट एसी आहे, पण परतीला रूळ आजही लागतातच.

‘अर्थ’चा दुसरा अवतार संरक्षणाचा. घरातल्या विजेत फेज आणि न्यूट्रल या दोन तारा काम करतात. तिसरी, हिरवी, काहीच करत नाही. ती फक्त वाट पाहते. उपकरणाच्या आत फेज सुटून पत्र्याला लागली, तर त्या पत्र्यावरून हिरव्या तारेतून इतका प्रवाह जायला हवा की फ्यूज लगेच उडेल. हिशेब साधा आहे. अर्थिंगचा रोध ५ ओहम असेल तर २३० व्होल्टला ४६ अँपिअर जातील आणि फ्यूज क्षणात जाईल. तोच १०० ओहम झाला तर जेमतेम २.३ अँपिअर, फ्यूज शाबूत, आणि पत्रा जिवंत. म्हणून खड्ड्यात मीठ आणि कोळसा घालायचा, पाणी ओतत राहायचं. भारतीय मानक ३०४३ मध्ये हे सगळं लिहिलेलं आहे. आमच्याकडे पावसाळ्यात अर्थिंग उत्तम असतं. मार्च-एप्रिलमध्ये मुरूम कोरडा ठणठणीत झाला की तेच अर्थिंग नावापुरतं उरतं. आपल्या तीन पिनांच्या प्लगची जात १९३४ च्या ब्रिटिश मानकातून आली. त्यातली वरची पिन जाड आणि लांब असते, ती आधी लागावी आणि शेवटी सुटावी म्हणून. ज्यानं हे योजलं त्यानं माणसाच्या जिवाचा विचार केला होता.

तिसरा अवतार रेडिओचा. जुन्या व्हॉल्व्हच्या रेडिओच्या मागे दोन भोकं असत, एक एरियलचं, एक अर्थचं. अर्थची तार खिडकीतून बाहेर काढून मोरीजवळच्या ओल्या जमिनीत पुरायची, की मुंबई केंद्र स्वच्छ लागे. इथे जमीन पुन्हा कामाला लागली होती, लहरींच्या परतीला. पण त्याच रेडिओच्या आत एक नवी गोष्ट घडली होती. व्हॉल्व्ह ज्या पत्र्याच्या चौकटीवर बसत, त्या चॅसीलाच सगळ्या परतीच्या तारा डाग देऊन टाकल्या जात. पत्रा हीच जमीन मानली गेली. ती घरातल्या जमिनीला लागलेली असो वा नसो, आतल्या सर्किटसाठी शून्य तिथून मोजायचं. काही स्वस्त एसी-डीसी रेडिओंत तर ट्रान्स्फॉर्मरच नसे आणि चॅसी थेट विजेच्या एका तारेला जोडलेली असे. असा रेडिओ उघड्या अंगानं हाताळलेल्या माणसांनी खाल्लेले झटके मी ऐकले आहेत. ‘जमीन’ म्हणावं आणि तिनंच शॉक द्यावा, इतका तो शब्द आपल्या मूळ अर्थापासून दूर गेला होता.

आणि मग आयसी आल्या. टीडीए २०३०, एलए ४४४०, एसटीके. दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरायचं, लॅमिंग्टन रोडवरून बोर्ड, ट्रान्स्फॉर्मर, हीटसिंक घ्यायचं आणि संध्याकाळच्या कर्जत लोकलला मांडीवर घेऊन बसायचं, हे आमच्यापैकी अनेकांनी केलं आहे. त्या आयसींच्या कागदांवर ‘जीएनडी’ लिहिलेलं असे, म्हणजे ग्राउंड. हा अमेरिकन शब्द. ब्रिटिशांच्या वायरिंगमधून आपल्याकडे ‘अर्थ’ आला होता, आता आयसींच्या कागदांतून ‘ग्राउंड’ आला. इंग्रजीत हे दोन्ही शब्द एकाच गोष्टीला वापरतात. पण आमच्या तालुक्यातला मेकॅनिक तसं बोलत नाही. जमिनीतल्या खड्ड्याला तो ‘अर्थिंग’च म्हणतो आणि बोर्डावरच्या परतीला ‘ग्राउंड’. ट्रान्स्फॉर्मरच्या मधल्या तारेला ‘झिरो’, कारण तो बारा-झिरो-बारा. कुणी शिकवलं नाही, पण इंग्रजी पुस्तकं ज्यात दोन पिढ्या घोटाळली ते आपल्या बोलीनं आपोआप वेगळं करून ठेवलं आहे. मला वाटतं, ॲम्प्लिफायर जोडणाऱ्या प्रत्येकानं ही फोड जपावी, कारण निम्मी दुरुस्ती तिच्यातच आहे.

आता माझ्या त्या ॲम्प्लिफायरकडे येतो. दोन टीडीए २०३०, बारा-झिरो-बारा ट्रान्स्फॉर्मर, दोन मोठे कपॅसिटर, पत्र्याची पेटी. चूक कुठे होती? ट्रान्स्फॉर्मरचा झिरो जिथे दोन कपॅसिटरच्या मधोमध येतो, त्या तारेवरच मी आवाजाच्या केबलची जाळी डाग देऊन टाकली होती. जवळ पडत होती म्हणून. कागदावर पाहिलं तर सगळं बरोबर, ग्राउंडला ग्राउंड. पण तार म्हणजे शून्य नव्हे. एक चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेचा रोध मीटरला साधारण १७ मिलिओहम असतो. माझा तुकडा दहा सेंटिमीटरचा होता, म्हणजे १.७ मिलिओहम. आकडा क्षुल्लक वाटतो. पण कपॅसिटर सावकाश भरत नाही. लाटेच्या टोकावर तो क्षणभर गपकन ओढतो, सेकंदाला १०० वेळा. गाणं बंद असतानाही त्या क्षणाला एक अँपिअर गेला, तर त्या तुकड्यावर १.७ मिलिव्होल्ट तयार होतात. ॲम्प्लिफायर त्यांना आवाज समजून तीसपट करतो. स्पीकरवर ५० मिलिव्होल्ट येतात. शांत देवळात एवढे पुरतात. गाणं जोरात लागलं की धक्के कित्येक अँपिअरचे होतात आणि प्रत्येक ठोक्याच्या मागे खरखर येते. ट्राम आणि टेलिफोन, पुन्हा एकाच मातीत.

दुरुस्तीला नवा एकही पार्ट लागला नाही. झिरो आधी कपॅसिटरच्या मध्याला नेला, धक्के तिथल्या तिथे फिरू दिले. त्या मध्यातून एकच छोटी तार एका वेगळ्या बिंदूला काढली. स्पीकरच्या परतीच्या तारा त्या बिंदूला, आयसींच्या पॉवर ग्राउंडच्या तारा त्या बिंदूला, आणि आवाजाचं ग्राउंड आपल्या स्वतंत्र तारेनं त्याच बिंदूला. पुस्तकात याला स्टार ग्राउंड म्हणतात. मी पोरांना सांगतो की चव्हाट्यासारखं समजा: सगळ्या वाटा एका ठिकाणी येतात, पण कुणाची वाट कुणाच्या अंगणातून जात नाही. त्या रात्री बुवांची पांढरी पाच गेली.

शोधायची युक्तीही सांगून ठेवतो. व्हॉल्यूम शून्यावर नेऊनही घूं तेवढाच राहिला, तर दोष पॉवर सप्लायमध्ये किंवा पुढच्या ग्राउंडमध्ये. व्हॉल्यूमबरोबर कमीजास्त झाला, तर तो इनपुटच्या बाजूनं शिरतो आहे. ट्रान्स्फॉर्मर हातानं जरा फिरवून पाहिला आणि आवाज बदलला, तर तारेचा दोष नाही. त्याचं चुंबकीय क्षेत्र इनपुटच्या वायरवर पडतं आहे, वायरला पीळ द्या आणि लांब न्या. ट्रान्स्फॉर्मर फिरवताना मात्र प्लग काढायचा आणि मग पुन्हा लावून ऐकायचं, हे विसरायचं नाही.

एवढं झाल्यावर उरतो तो मंडपातला घूं, आणि तो धोक्याचा आहे. स्टेजवर मिक्सर एका बोर्डावर, तीस मीटरवर ॲम्प्लिफायर दुसऱ्या बोर्डावर, दोन्हींना तीन पिना. दोन ठिकाणच्या अर्थिंगमध्ये थोडा दाबाचा फरक असतोच, आणि आवाजाच्या केबलची जाळी त्या दोघांना जोडते. जाळीतून प्रवाह फिरू लागतो. मोठ्या स्टुडिओंनाही हा त्रास होता. १९९५ मध्ये नील मन्सी यांनी दाखवून दिलं की कितीतरी महागड्या यंत्रांत केबलची जाळी पेटीच्या पत्र्याला जोडायच्या ऐवजी थेट बोर्डाच्या ग्राउंडला जोडलेली असते आणि घूं तिथूनच शिरतो. २००५ साली ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीनं त्यावर मानकच काढलं: जाळी पत्र्याला. म्हणजे व्यावसायिक जगालाही अर्थ वेगळा आणि ग्राउंड वेगळा हे लिहून काढायला इतकी वर्षं लागली.

मंडपात मात्र लोक सोपा उपाय करतात. वरची जाड पिन कापून टाकतात, किंवा हिरवी वायर प्लगमध्ये जोडतच नाहीत. घूं खरोखरच जातो. मीही एकदा हे केलं आहे. भाद्रपदातली संध्याकाळ, बाहेर कर्जतचा पाऊस, मंडपाच्या ताडपत्रीखाली चिखल, आणि गाणारे अनवाणी. माझ्या पेटीच्या आतली फेजची वायर पत्र्याच्या कडेला घासून सोललेली होती. पत्र्याला अर्थ नव्हता, पत्रा आतल्या ग्राउंडला, ग्राउंड जाळीला, जाळी माईकच्या धातूच्या अंगाला. गायकानं माईक हातात घेतला आणि फेकला. हात झटकला गेला म्हणून तो वाचला. हिरवी वायर जागेवर असती तर त्याच्या हातात माईक जाण्याआधी फ्यूज उडाला असता.

त्यानंतर माझ्या प्रत्येक पेटीत अर्थची तार आत शिरताच बोल्टनं पत्र्याला घट्ट बसते, त्या बोल्टवर दुसरं काही नसतं. आतलं ग्राउंड पत्र्याला जोडायचं तेव्हा मध्ये १० ओहमचा रेझिस्टर आणि त्याला समांतर एक मोठा डायोड-ब्रिज, ज्याचे प्लस-मायनस एकमेकांना जोडलेले असतात. सव्वा-दीड व्होल्टच्या आतली घूं करणारी कुरकूर १० ओहम अडवतो, आणि खरा दोष आला की ब्रिज पूर्ण प्रवाहाला वाट मोकळी करतो. लांबच्या केबलला पिळलेल्या दोन तारांचा माईक-केबल, नाहीतर मध्ये छोटा ऑडिओ ट्रान्स्फॉर्मर. घरातल्या बोर्डवर गळती होताच वीज तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी असला तर फारच चांगलं. यांतलं काहीच जमलं नाही तर घूं राहू द्या. घूं सहन होतो.

यंदा गणपतीच्या आधी आपल्या मंडळाचा ॲम्प्लिफायर बाहेर काढाल तेव्हा आधी प्लगटॉप उघडा आणि हिरवी वायर वरच्या पिनेला आहे का ते पाहा. नसेल तर त्याच दिवशी जोडा, आणि अर्थिंगच्या खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओता.